बिबट्याच्या केसात ज्वारी

मित्रांनो, आज दुपारी कळलेलं तुम्हाला सांगायलाच हवं.

गेल्या महिन्यात चाकूरजवळ मावशीच्या शेतातल्या काटेरी तारेला बिबट्याचे केस अडकलेले सापडले, ते मी तपासायला दिले. जनावर काय खातं, आणि त्याची शिकार काय खाते, त्याची खूण केसातल्या कार्बनमध्ये उतरते. झाडपाल्याचा कार्बन वेगळा, ज्वारीचा वेगळा. केस मुळातून वाढतो, म्हणून टोक जुनं, मूळ ताजं.

आज नांदेडला तपासणीचा निकाल हातात आला. टोकाकडे झाडपाल्यावर जगणारी रानातली शिकार. मुळाशी मात्र ज्वारीवर पोसलेली. दुष्काळानं रान ओस पडलं आणि तो गावात शिरला.

लगेच मावशीला फोन लावला. "मावशी, लेकरांना आत झोपव."

"लई उकडतंय बाबा. समदे रातीला अंगणातच झोपतेत."

"आणि कुत्रं?"

मावशी रोज ज्वारीची शेवटची भाकर कुत्र्यासाठी दाराबाहेर ठेवते. "दोन-चार रोज झाले, भाकर तशीच पडून हाय."

निकालात ज्वारी दिसते, ती खाणारा दिसत नाही. कडबा खाणारं वासरू असेल, भाकर खाणारं कुत्रं असेल.

भाकर तर लेकरंही खातात.

तुमची लेकरं आज कुठं झोपणार आहेत?