ढोकीच्या बाजारातला बोटवाला

"बोट लागली का?"

छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली की तो हातातलं काम टाकून मान वर करायचा आणि समोर असेल त्याला हे विचारायचा. त्याला म्हणायचं असे, गाडी स्टेशनात आली का. दुष्काळाचं साल, प्यायला पाणी टँकरचं, आणि हा ढोकीच्या बाजारात बोटीची चौकशी करायचा.

"लागलीया की आमच्या हिरीत," एक भाजीवाली म्हातारी म्हणाली. "पर पाणी न्हाय, बुडाला टेकलीया."

सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

तो रत्नागिरीकडच्या एका लहान बंदराचा. सुकट-बोंबील पोत्यांत भरून घाट चढायचा आणि मिरजेहून छोट्या गाडीनं आमच्याकडं यायचा. एक पाय दुकानात आणि एक रस्त्यावर अशी माणसं तुम्ही बाजारात पाहिली असतील. हा त्यातला. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं, भांडण तर उभ्यानंच.

मी तेव्हा नुकता खडी फोडायचं सोडून धंद्याला लागलो होतो. दुष्काळी कामावरच्या मजुरांना सुकट विकायचो. बाकीचे व्यापारी मला ओट्याखाली उभं करून बोलत. हा स्वतःच कधी बसत नसे, त्यामुळं आमची बरोबरी आपोआप झाली. मला 'शेट' म्हणणारा तो पहिला माणूस. पण म्हणून मी विरघळलो नाही. भाव पाडलाच.

भाव करायला मी जनावरांच्या बाजारात शिकलो होतो. तिथं तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून समोरच्याच्या बोटांची पेरं दाबायची, शेजारच्याला पत्ता लागत नाही. पहिल्या खेपेला मी त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि दोन पेरं दाबली. हा नाचायलाच लागला.

"अहो शेट, गुदगुल्या होतात! दोन म्हणजे किती? वीस?"

अख्ख्या बाजारानं माझा भाव ऐकला. माझं टाळकं फिरलं. "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? झाकून सांगितलेलं वरडताय कशाला?"

"आमच्याकडे लिलाव ओरडूनच होतो," तो म्हणाला. "होडी किनाऱ्याला आली की सगळं बंदर ओरडतं. जो ओरडत नाही तो एक तर चोर, नाही तर मेलेला."

पुढं तो आमची रीत शिकला. तरी पेर दाबलं की हसायचा आणि तो हसला की मी चिडायचो.

दुष्काळ सरला. साखर कारखान्याचा ऊस वाढला, रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागू लागली, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, दोनाची चार हॉटेलं झाली. दर खेपेला तो हे सगळं हिंडून बघायचा आणि आणखी अस्वस्थ व्हायचा.

"तुमच्याकडे माणसं उतरतात, शेट. आमच्याकडे नुसती चढतात."

त्याच्या बंदरात मुंबईची बोट लागायची. हमाल, खानावळवाल्या, आंब्याच्या पेट्या बांधणारे, उतारूंना होडीतून बोटीवर पोचवणारे, सगळे तिच्या जिवावर. मग मोटाररस्ता झाला, पण तो वरच्या सड्यावरून, डोंगरावरच्या कातळमाळावरून गेला. खाली बोटीच्या फेऱ्या कमी होत गेल्या. माणसं डोक्यावर ट्रंका घेऊन सडा चढू लागली, ती परत उतरेनात. त्याच्या भावाची होडी अंगणात पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. बायको म्हणे, मुंबईला पोराकडं जाऊ. यानं तिला सांगून ठेवलं होतं, बोट कायमची बंद झाली तर येईन, तोवर घराला कुलूप लावणार नाही.

"पावसाळा सरला की परत लागणार आहे," हे तो दर वर्षी मला ऐकवायचा.

"या की इकडं," मी एकदा म्हणालो. "कारखान्याच्या रस्त्याला जागा बघून देतो."

"इथं समुद्र कुठं आहे?"

"समुद्र घेऊन काय करायचाय? धंद्याला गाडी पायजे."

"खरं आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे समुद्र आहे अजून. गाडीच नाही."

तेवढ्यात शिट्टी झाली आणि त्याची मान वर गेली.

शेवटच्या खेपेला तो आला तो दिवाळी झाल्यावर. पोती थोडी, पण बोंबील असे की हातात घेतल्यावर खडखड वाजावेत. शिट्टी झाली. त्यानं मान वर केली नाही. आणि तो बसला, पोत्यावर. मी ते पाहिलं, पण माझं चित्त मालावर. उपरणं टाकलं आणि हात घातला.

त्यानं माझा पंजा दोन्ही हातांत धरला. पेर दाबलं नाही, हसला नाही. मिठानं चरचरीत झालेले हात. नुसता धरून राहिला.

"भाव बोला की! गिऱ्हाईक खोळंबलंय," मी हात ओढून घेतला.

"तुम्ही म्हणाल तो, शेट."

मी म्हणेन तो! असा सौदा आयुष्यात कुणी केला नव्हता. मी खूश झालो.

पुढच्या हंगामात तो आला नाही. कोकणातला माल आता ट्रकनं थेट लातूरला जायचा आणि मला तिथं जाऊन दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागायचा. एका ट्रक ड्रायव्हरला मी त्या बंदराचं विचारलं.

"बोट बंद झाली, कायमची. खाली आता म्हातारी माणसं आणि कुलपं," तो म्हणाला. "सुकटवाला? तो मागल्या दिवाळीलाच घर सोडून निघाला, मुंबईला पोराकडं."

म्हणजे तो आमच्याकडं आला तेव्हा कुलूप लावून आला होता.

भाजीवाल्या अजून शिट्टी झाली की एकमेकींना विचारतात, "बोट लागली का गं?" मला अजून राग येतो. त्याच्या मुलखात सगळं ओरडून सांगतात. चारचौघांत माझा भाव ओरडला होता ना? मग जातो म्हणूनही ओरडायचं होतं. तेवढं एकच तो आमच्या रीतीनं, रुमालाखाली सांगून गेला.