चांद निघाला की घ्यायची गोळी

परवा दुपारी दुकानात एक मुलगी आली. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला शिकणारी, बाभुळगावहून यवतमाळला रोज एसटीनं जाणारी. तिला औषध नको होतं. बॅग पोटाशी धरून ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? बी.फार्म. झाल्यावर एमबीए करावं का? कॉलेजात सगळे म्हणतात, नुसत्या फार्मसीनं काही होत नाही. आईनं सांगितलं, त्या मेडिकलवाल्या बाईंना विचार."

कोणाची आई, हे मी विचारलं नाही. इथल्या बहुतेक आया मला ओळखतात. मी तिला स्टूल दिलं आणि चष्मा पुसायला घेतला. उत्तर ठाऊक नसलं की मी चष्मा पुसते. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली आणि मागे चार-दोन पुंजके तरंगत राहिले. चष्म्याशिवाय मला ते पुंजके आणि उन्हाचे कवडसे सारखेच दिसतात. माझं मन तसंही जागेवर कमीच असतं. ते निघालं मागे, हेच दुकान काकांचं होतं त्या वर्षात.

काका म्हणजे वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. वडील यवतमाळला सरकारी कचेरीत कारकून. काकांनी डिप्लोमा करून बाभुळगावात मेडिकल टाकलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझं बी.फार्म. झालं त्या वर्षी ते घरी आले, चहा बशीत ओतला आणि बशीकडे बघत म्हणाले, "पोरीले एक वर्ष माझ्यापाशी बसू दे. जमलं तर दुकान तिचंच."

ताईचे यजमान तिथेच बसले होते. भाऊजी नागपूरला औषध कंपनीत साहेब होते, इस्त्रीच्या शर्टाचे आणि स्पष्ट मतांचे. ते हसले. "अगं, गोळ्या मोजायला पदवी कशाला लागते? एमबीए कर. पाच-सात वर्षांत मोठमोठी दुकानं येतील, तिथे तू केबिनमध्ये बसशील. नाहीतर आयुष्यभर काउंटर पुसशील."

वडिलांनी दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावली. कचेरीत कोणत्याही बाजूनं न बोलण्याची त्यांना सवय झाली होती, ती घरीही सुटत नसे. शेवटी दोन्ही ठरलं. वर्षभर दुकानात बसायचं आणि एमबीएच्या परीक्षेचा अभ्यास करायचा. पुढे काय, ते माझं मी ठरवायचं. असं कोणी माझ्यावर सोपवलं की मला झोप येते. मी खरंच त्या दिवशी दुपारभर झोपले.

ती वर्षं कापसाच्या पडत्या काळाची होती. दुकानात ते एका प्रश्नातून कळायचं. माणूस डॉक्टरची चिठ्ठी पुढे सरकवायचा, इकडेतिकडे बघायचा आणि हळूच म्हणायचा, "याच्यातली मेन गोळी कोणती? तेवढीच द्या." फार्माकॉलॉजीच्या पेपरात मला चांगले मार्क होते, पण मेन गोळी कोणती हे त्यात कुठेच नव्हतं. काका मात्र चिठ्ठीवर बोट ठेवून शांतपणे सांगायचे, "ही सोडू नको. ही नाही घेतली तरी चालते." मग पट्टी कात्रीनं कापायचे, नेहमी तारखेच्या उलट्या टोकाकडून. शेवटची गोळी जाईपर्यंत मुदतीची तारीख शाबूत राहिली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

गोळ्या कागदी पुडीत घालून ते पुडीवर चित्र काढायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र. सूर्याला किरणं मोजून-मापून काढत. चंद्र मात्र मनापासून काढत, बारीक, एका अंगाला झुकलेला, कधीकधी बाजूला एक चांदणीही. पुडी देताना तोंडी सांगत, "सूर्य निघाला की ही, चांद निघाला की ही." पुढे चंद्र काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते फार आवडलं. हिवाळ्यातल्या दुपारी गिऱ्हाईक नसे, काचेच्या बरण्यांवर कापसाचे तंतू बसत, मांडीवर परीक्षेचं पुस्तक उघडं असे आणि मी रिकाम्या पुड्यांवर चंद्र काढत असे. अर्धवट झोपेत मला नागपुरातली केबिनही दिसायची. तिच्या काचेबाहेर मात्र हाच रस्ता असायचा आणि त्यावरून कापसाच्या गाड्या जायच्या.

धंद्याच्या बाबतीत काका अगदीच कच्चे होते. कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला की हे त्याला पाणी विचारायचे, मग चहा, मग तो कुठल्या उन्हातून आला ते ऐकायचे. शेवटी त्यानं गळ्यात मारलेल्या टॉनिकच्या बाटल्या फळीवर यायच्या. त्या टॉनिकचं बाभुळगावात कोणी नावही ऐकलेलं नसे. वर्षभरानं मुदत संपली की आम्ही मागच्या बाजूला त्या मोरीत ओतायचो. मोरीतून संत्र्याचा, वेलचीचा, गुलाबाचा वास यायचा. मी हसायची आणि मला रागही यायचा. "काका, नको म्हणा ना एकदा तरी!" ते म्हणायचे, "कसं म्हणू वं? एवढ्या दुरून आलता तो."

जवळच्या खेड्यातून एक मावशी दर महिन्याला येत. त्यांच्या लेकीला फिट यायच्या. लेक माझ्याच वयाची. लग्न होऊन गेली होती आणि सासरच्यांनी माहेरी आणून सोडली होती, कारण फिट नेमकी अमावस्येच्या आसपासच यायची. हे बाहेरचं आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. मावशीनं अंगारा लावला, नवस केला, आणि डॉक्टरचं औषधही सोडलं नाही. रोज रात्री एक गोळी. पुडीवर चंद्र.

माझ्या डोक्यात आलं ते अगदी साधं होतं. महिन्याच्या गोळ्या महिन्यात संपायला हव्यात. मावशी मात्र दरवेळी उशिरा यायच्या, आणि तरी म्हणायच्या, एक दिवस खाडा नाही. एकदा मी पुडी त्यांच्या हातात न देता विचारलं, "मावशी, गोळी कधी देता?"

"चांद निघाला का देतो."

"रोज?"

"रोज. उशिरा निघाला तं पोरीले उठवून देतो. औषधाले हयगय नाही करत मी."

"आणि अवसेला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळाच पाहिली नाही. "अवसेले कुठचा आला चांद, बाई? तवा दोन-तीन रोज गोळी नसते. तुम्हीच तं सांगतलं."

मला आधी हसू आलं आणि ते तोंडावर यायच्या आतच रडू आलं. दर अमावस्येला त्या पोरीच्या अंगातून औषध उतरत होतं, तिला फिट येत होती, आणि सगळं गाव आभाळाकडे बोट दाखवत होतं. इतक्या निष्ठेनं औषध देणारं माणूस मी त्यानंतरही पाहिलं नाही. काकांच्या हातातली कात्री थांबली होती. ते मावशींना रागावले नाहीत, समजावलंही नाही. फक्त म्हणाले, "उद्या संध्याकाळी आम्ही येतो तुमच्या घरी. चहा ठेवजा."

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून आम्ही गेलो. काका ओट्यावर बसले आणि त्या घरात संध्याकाळी काय काय होतं ते बघत राहिले. गाय आली. चूल पेटली. दिवेलागणीला लाइट गेले, तेव्हा भारनियमन रोजचंच होतं. मावशीच्या लेकीनं तुळशीपाशी दिवा लावला, आणि तो विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्यासारखीच वेणी, माझ्यासारखंच बारीक कपाळ. "तू काय शिकून राह्यली?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "चांगलं आहे," ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. त्या एका "चांगलं आहे"नं मला लाज वाटली, का ते नीट सांगता येत नाही.

"हा दिवा रोज लावता?" काकांनी विचारलं.

"रोज लावतो. घरात काही का होईना."

"अवसेलेही?"

"अवसेले तं पहिले लावतो."

काकांनी खिशातून पुडी काढली, चंद्रावर काट मारली आणि शेजारी दिवा काढला. वाकडाच आला, पण दिवा होता. "दिवा लागला की गोळी. चांद असो का नसो." लेकीनं पुडी हातात घेतली आणि त्या चित्रावरून बोट फिरवलं.

त्यानंतरची अमावस्या मी कशी काढली ते माझं मला माहीत. परीक्षेचा निकाल त्याच सुमारास लागायचा होता, आणि मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. यवतमाळच्या आमच्या घरात लाइट गेले की आई दिवा लावायची आणि मला तो दुसरा दिवा दिसायचा. गाव झोपल्यासारखं, कापसाच्या पऱ्हाटीची वाळकी शेतं, आणि मधे एक हात, वाऱ्याला आडवा धरलेला. अमावस्या गेली. काही झालं नाही. पुढचीही गेली. तिसऱ्या महिन्यात मावशी अगदी वेळेवर आल्या, तेव्हा मी त्यांना मिठीच मारली. त्या अवघडल्या. दुकानात कोणी कोणाला मिठी मारत नाही.

तेवढ्यात नागपूरच्या एमबीएचा प्रवेश झाला. मुलाखतीत मला विचारलं होतं, तुमचा ग्राहक कोण? भाऊजींनी पाठ करून घेतलेलं उत्तर मी घडाघडा म्हटलं होतं आणि ते मुलाखत घेणाऱ्यांना आवडलंही होतं. आता मात्र मी काकांना सांगून टाकलं, "मी नाही जात. मी दुकान बघते."

मला वाटलं, ते खूश होतील. ते चिडले. वर्षभरात पहिल्यांदाच मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला.

"कायले नाही जात? इथं बसून माझ्यासारखी टॉनिक मोरीत ओतशील? मले औषध समजते, पण दुकान नाही समजत. एवढी वर्षं लोकायले मी नुसतं सांगत राह्यलो. तू एक दिवस विचारलं. विचारायचं कसं, अन् नाही कसं म्हणायचं, हे कुठं शिकवत असतील तं शिकून ये. इथं दुकान समजणारे येतील, मोठ्या काचा लावतील, अन् त्यायले मेन गोळी कोणती ते माहीत नसन. तवा काय करशील?"

मग खाली बसले, पाणी प्यायले आणि पुटपुटले, "मी थांबतो तुह्यासाठी."

मी गेले. नागपुरातली दोन वर्षं म्हणजे पांढऱ्या फळ्या, इंग्रजी, हिशेबाची भीती, आणि हॉस्टेलच्या गच्चीवरून दिसणारं आभाळ. अमावस्येला मी एसटीडी बूथवरून दुकानात फोन करायची. काका म्हणायचे, "दिवा लागला. अभ्यास कर." एका अमावस्येला म्हणाले, "तिचा नवरा आलता न्यायले. गेली पोरगी महागावकडं." फोन ठेवल्यावर मला आनंद झाला, आणि एकटंही वाटलं. आता त्या दिव्याची बातमी मला कोणी देणार नव्हतं.

एमबीए करून मी बाभुळगावला परत आले तेव्हा भाऊजींनी माझ्याशी कितीतरी महिने बोलणं टाकलं. मोठी दुकानं आली, यवतमाळात काचा लागल्या. आमचं हे दुकान टिकलं, कारण बॅगवाल्याला चहा पाजून "नको" म्हणता येतं हे मी शिकून आले होते. फार्मसीचं सर्टिफिकेट कायद्याप्रमाणे भिंतीवर आहे. एमबीएचं आईच्या कपाटात, साड्यांखाली. ते दाखवा असं आजवर कोणी म्हटलं नाही. काका गेले, पण त्यांची कात्री मी बदलली नाही.

चष्मा पुसून झाला होता. मुलगी वाट बघत होती. मी म्हटलं, "कर एमबीए. पण आधी वर्षभर माझ्यापाशी येऊन बस." हे बोलताना मला काकांची बशी आठवली आणि मी थोडी गडबडले. उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "घर कुठं तुझं?"

"घर महागावकडे. शिकायला इथे आजीकडे राहते, शेजारच्या खेड्यात." मग ती लाजत म्हणाली, "आईला आधी फिट यायच्या म्हणे. तुमच्याच दुकानातून औषध जायचं."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळ तेच होतं.

"आता कशी आहे आई? गोळी चालू आहे?"

"नाही, गोळी तर डॉक्टरांनी कधीच बंद केली. मला आठवतं त्याच्याही आधी." ती हसली. "पण एक गंमत आहे तिची. रोज संध्याकाळी दिवा लावते ना, लाइट असले तरी, आणि लावला की तिथेच उभी राहून घोटभर पाणी पिते. आम्ही विचारलं तर म्हणते, सवय आहे."