पानथरीचं पान

तळोद्याचे बन्सीलाल डॉक्टर म्हणजे दारूचे हाडवैरी. सख्खा थोरला भाऊ बाटलीपायी पस्तिशीतच गेलेला. त्यामुळे १९३९ साली दारूबंदी परिषदेच्या अध्यक्षांनी ‘मोहाची दारू आणि पहाडातली पानथरी’ यावर शोधनिबंध लिहायला सांगितला, तेव्हा डॉक्टरांना आनंद लपवता आला नाही. पहाडात लहानथोरांची पोटं पानथरीनं, म्हणजे सुजून वाढलेल्या प्लीहेनं, फुगलेली असत. ती दारूमुळेच, असं खाली सपाटीवर सगळे छातीठोकपणे सांगत. पहाडात तापावरचं औषध कोयनेल वाटायची गोष्ट निघाली की परिषदेची मंडळी म्हणत, आधी दारू सोडू द्या, मग बघू.

डॉक्टरांनी धडगावच्या अलीकडचे पाच पाडे पालथे घातले. दारात उभं राहून एकच प्रश्न, घरात दारू पितात का? मग सगळ्यांची पोटं चाचपायची आणि वहीत टिपायचं. आकडे सुरेख जमले. दारूच्या घरांत पानथरी भरपूर, बिनदारूच्या घरांत निम्म्याहून कमी. स्वारी भलतीच खूश झाली.

परतायच्या दिवशी भुरीबाईकडे पूर्वजांची पूजा होती. टेकाडावरचं हे घर वहीत ‘बिनदारूचं’ म्हणून लिहिलेलं. बाईनं घरी गाळलेल्या दारूची धार जमिनीवर सोडली आणि मग म्हाताऱ्यांपासून सुनांपर्यंत सगळ्यांनी द्रोण भरून घेतले. डॉक्टरांनी तोडक्यामोडक्या पावरी बोलीत विचारलं, तुम्ही तर पीत नाही म्हणाला होता? भुरीबाईला या शिकल्यासवरल्या माणसाची कीव आली. धार सोडली की ती पूर्वजांची, ती का कुणी पिण्यात धरतं? पिणं म्हणजे खाली नाल्याकाठच्या दुकानातून विकत आणून पिणं, असं तिनं समजावून सांगितलं.

डॉक्टरांनी परतायचं रद्द केलं. पुन्हा तीन आठवडे दारोदार फिरले. धारेची दारू धरली तर बिनदारूचं घर एकही उरेना. ‘पितो’ म्हणालेली घरं बहुतेक दुकानाजवळची, नाल्याकाठची, आणि पानथरी होती तीही नाल्याकाठीच, जिथं डास आणि हिवताप होता. टेकाडावरची माणसं तेवढीच पिऊनही धडधाकट होती. डॉक्टरांना स्वतःचाच राग आला. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं म्हणून आपण पुढचा प्रश्नच विचारला नाही, हे त्यांना फार लागलं.

घरी भावाची विधवा कौसाबाई होती. तिनं सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

“मंग मन्हा मालकले दारूनी नही मारं का?”

“दादाले दारूनीच मारं, वहिनी. पन त्या पाड्यामजारला पोरेसले ताप मारी ऱ्हायना. तापवर दारूनं नाव लिखं तं त्यास्ले कोयनेल कोन दी?”

कौसाबाईनं पदरानं डोळे पुसले. “मंग खरं शे ते लिख. कोनले भिऊ नको.”

परिषदेत डॉक्टर वाचायला उभे राहिले. पानथरी दारूची नाही, हिवतापाची आहे, हे वाक्य आलं आणि काय ठरतं ते बघायला मागच्या रांगेत येऊन बसलेल्या दारूच्या ठेकेदारानं कडकडून टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी पान उलटलं. दारूनं यकृत नासलेली नऊ माणसं, नवऱ्याच्या मारानं हाड मोडलेल्या चौदा बाया. ठेकेदाराचे हात मुकाट मांडीवर आले.

अध्यक्ष लालबुंद झाले होते. “डॉक्टर, ते पानथरीचं पान तेवढं काढून टाका. बाकीचं उद्याच्या उद्या छापतो.”

“काढायचं असेल तर सगळा निबंध काढा. माझ्या नावानं अर्धा छापता येणार नाही.”

“अहो, तुमचा भाऊ दारूनं गेला ना? मग तुम्हीच असं लिहावं?”

“माझा भाऊ गेला म्हणून पहाडातली पोरं तापानं मरू द्यायची?” डॉक्टर गरजले. “कोयनेल पोचेपर्यंत हे पान मी दर परिषदेत वाचणार. बोलावलं नाहीत तर दारात उभा राहून वाचीन!”

“खाली बसा!” चारी बाजूंनी ओरडा झाला. डॉक्टर बसले नाहीत. त्यांनी आवाज चढवला आणि पानथरीचं पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.