पसरून झोपलेली बाई

टाचणी हे तिचं टोपणनाव. अंगानं सडपातळ आणि बोलणं टोचणारं, म्हणून कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांनी ठेवलेलं. तिथं कामाची पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कुलूप लागायचं. एकदा आत धूर झाला आणि किल्ली सापडेना. कुणी दगावलं नाही, पण दुसऱ्या दिवशी टाचणी उंबऱ्यातच बसली.

"कुलूप निघेपर्यंत मशीनला हात लावणार नाही."

तिच्यामागून बाकीच्या बसल्या. मालकानं पोलीस बोलावले. टाचणी पुढारी ठरली आणि वर्षभरासाठी तुरुंगात गेली.

सुटून आली ती भावाकडे. भाऊ वाईट नव्हता, पण "आता जरा गप घरात बस" हे त्याचं पालुपद. ती बसली. शेजारपाजारचे कपडे शिवायला लागली.

एक दिवस वहिनीनं एक गिऱ्हाईक आणलं. ती बायकांच्या नाटकमंडळीची दिग्दर्शिका होती. नाटक कैदेतल्या बायकांचं, संवाद जवळजवळ नाहीतच, सगळं अंगानं बोलायचं. मापं घ्यायला टाचणी तालमीला गेली, तर तिथं बायका पाठमोऱ्या पडत होत्या आणि दुसऱ्या त्यांना झेलत होत्या.

"हा काय पोरखेळ?"

"पडून तर बघा," दिग्दर्शिका म्हणाली.

टाचणीला काही पडवेना. मापं झाली तरी ती जात राहिली. शेवटी एकदा पडली, बायकांनी तिला झेललं, आणि ती इतकी हसली की उचकी लागली. मंडळीनं तिला नाटकातच घेतलं. भावाला मात्र ती मापांचंच कारण सांगायची.

"एवढी मापं? हत्तीचे कपडे शिवतेस का?" भावानं विचारलं.

शेवटच्या प्रवेशात प्रत्येकीनं आपल्याला हवं ते जग दाखवायचं होतं. कुणी उडायची, कुणी झाडावर चढायची. टाचणी नुसती उभी राहायची. तिला काही सुचतच नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशीही ती उभीच होती. मग रंगमंचाच्या मधोमध उताणी झोपली, हातपाय ऐसपैस पसरून. प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं. ती हलली नाही. तिचं पोट श्वासागणिक वरखाली होताना मागच्या रांगेतूनही दिसत होतं. मग बाकीच्या एकेक येऊन, अंतर राखून, तशाच पसरल्या. सभागृह चिडीचूप झालं.

घरी परतताना, प्रयोग बघायला आलेल्या वहिनीनं विचारलं, "वन्सं, तुम्हाला हेच कसं सुचलं?"

"आत आम्ही एकीला चिकटून एक, सगळ्या कुशीवर. एकीनं कूस बदलली की ओळीनं सगळ्यांनी बदलायची. तेव्हा वाटायचं, एकदा उताणं झोपायला मिळावं, बस."

वहिनी म्हणाली, "मी तर लग्न झाल्यापासून पलंगाच्या कडेलाच झोपते."

दोघी रस्त्यातच थांबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

प्रयोग अजून चालू आहेत. वहिनी दारात बसून तिकिटं फाडते. प्रयोगाच्या संध्याकाळी भाऊ आपलं आपण वाढून घेतो. नाटकाला तो अजून आलेला नाही. "झोपलेली बाई बघायला तिकीट कशाला काढायचं?" म्हणतो.

"मग नका येऊ," वहिनी म्हणते आणि चपला पायात सरकवते.