मालपोटे सरांचं आठवं पान

मालपोटे सरांना पंगतीत रिकामं पान सहन होत नसे. घोटावड्याच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. दुपारच्या खिचडीला पोरं व्हरांड्यात बसली की सर आठ-आठ जणांच्या ओळी लावत. आठवा नळावर हात धूत रेंगाळला, तर बाकीचे सात जण ताटाकडे बघत बसून राहत. खिचडी रांधणाऱ्या मावशी पळी आपटायच्या. सर ढिम्म. "आठवा आल्याबिगर घास न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

याला कारण क्लोरिन. त्याच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात, आठव्याची जागा रिकामी. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकटाच इलेक्ट्रॉन. क्लोरिन तो ओढून घेतो. इलेक्ट्रॉनवर ऋणभार असतो, त्यामुळे एक जास्तीचा आला की अख्खा अणू ऋणभारित होतो. त्यालाच ऋण आयन म्हणायचं. सर हे फळ्यावर शिकवतच नसत, पंगतीत उभे राहून शिकवत. "आठवा बसला की मांडीला मांडी लागती, ढकलाढकली हुती. म्हणून आयन अणूपेक्षा फुगतो. कळलं का? आता वाढा." तोवर खिचडीचा गोळा झालेला असे, पण आमच्या पोरांचा हा प्रश्न परीक्षेत कधी चुकला नाही.

घोटाळा झाला तो सरांच्या एकुलत्या एका लेकीच्या, सुजाताच्या लग्नात, भुकूमच्या कार्यालयात. आम्ही शाळेतले सगळे एका ओळीत जेवायला बसलो, तर भरलो सातच. समोर एक गृहस्थ खुर्चीवर एकटेच बसले होते. सरांनी त्यांचा दंड धरला आणि आमचा शिपाई नि मी यांच्या मधल्या पानावर आणून बसवलं. ते नवऱ्याचे मामा निघाले. फेटा बांधून मानाच्या पंगतीच्या बोलावण्याची वाट बघत होते बिचारे. मामा ताडकन उठले. आता मामा जेवल्याशिवाय वऱ्हाड जेवणार नाही, आणि वऱ्हाड उपाशी परतलं तर सुजाताचा संसार रुसव्यानंच सुरू होणार. घाबरून सर मामांना क्लोरिन समजावून सांगू लागले. मामा आणखीनच लाल झाले.

शेवटी सुजाताच मुंडावळ्या सावरत आली.

"मामा, आबांनी तुमाला हलकं न्हाई केलं. त्यांच्या पंगतीत आठवं पान सगळ्यात मानाचं. त्यो मानकरी बसल्याबिगर कुणाला घास न्हाई. बघा की, समदी तुमच्यासाठीच थांबल्यात."

मामांनी वळून पाहिलं. समोर गरम जिलबी असूनही आम्ही सातही जण शाळेच्या सवयीनं हात मांडीवर ठेवून गप्प बसलो होतो. मामांचा राग तिथंच विरघळला. ते बसले, आणि असे ऐसपैस बसले की मी भिंतीला चिकटलो. सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बघा, फुगला."

सुजाता सासरी गेल्यानंतर सर शाळेत आले, त्या दुपारी त्यांनी ओळी लावल्याच नाहीत. पोरं कशीही बसली. आठवा नळावर होता, तरी सर काही बोलेनात. मावशीच पळी हातात धरून थांबल्या. मला वाईट वाटलं. मी सरांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"पुस्तकात लिवलंय," सर नळाकडे बघत म्हणाले, "इलेक्ट्रॉन देऊन टाकला की सोडियम स्थिर हुतो."

मी मान हलवली.

"लिवणाऱ्याला लेक नसंल."