सकाळी काय खाल्लासा?

आमच्या नागोजीला तुम्ही वळखत न्हाय, म्हणून सांगतो. चोपन्न वर्षांचा गडी, खानापूर तालुक्यातला, सगळा जन्म भाताच्या चिखलात गेलेला. चार वर्षांमागं बेळगावच्या आशिष सरांनी आमच्या गावामागच्या साठ फुटी कड्यावरनं पाहुण्यांना दोरानं उतरवायचा धंदा काढला, आणि नागोजी तिथं दोर धरायला लागला. मी परशराम, पाहुण्यांच्या कंबरेचे पट्टे आवळतो. पुण्या-बेंगळुरूच्या पोरी त्याला 'नागोजी सर, नागोजी सर' करत्यात, आणि मला काय, तर 'ओ काका, पाणी हाय का?' असू दे.

पण खरं सांगू का, त्याची हातोटीच तशी. माणूस कड्याच्या टोकाला पाठमोरा उभा राहिला की पाय मागं टाकायलाच तयार न्हाय. नागोजी दोर धरून इचारणार, "सकाळी काय खाल्लासा?" पाहुणा म्हणतो, पोहे. "कांदा घातलेला? शेंगदाणे व्हते?" शेंगदाणे आठवेपर्यंत पाहुणा चार फूट खाली!

घरात मात्र त्याची बायको शालूबाई ह्या कामाच्या नावानं बोटं मोडायची. तिचा भाऊ मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढला, पडला आणि कायमचा लंगडा झाला. यंदा तिनं सांगूनच टाकलं, "मंगळवारी यिऊन बघणार. मनाला पटलं न्हाय, तर बुधवारपास्नं दोराला हात लावायचा न्हाय."

मंगळवारच का? तर यात्रेआधी आमच्या गावात पाच मंगळवार वार पाळत्यात. त्या दिवशी शेतात कुणी पाऊल टाकायचं न्हाय. आशिष सर शहरातले, त्यांनी नेमकं पहिल्याच वारी बुकिंग घेतलं. पंच मारुतीराव लई इचार करून म्हणाले, "वार शेताचा हाय, कड्याचा न्हाय." झालं! सगळा गाव रिकामा, तो सगळा कड्यावर. चुरमुरे बांधून आलते लेकाचे!

नागोजीचं तोंड एवढंसं झालेलं. मला म्हणाला, "परशा, हे सुटलं तर मी काय करू रं? जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणतंय." एरवी मी त्याची टिंगल सोडत न्हाय, त्या दिवशी नुसता पट्टे तपासत बसलो.

शालूबाईनं पाच पाहुणे उतरताना बघितले. मग पदर खोचून पुढं आली. "मला सोडा."

काष्ट्यावर पट्टा, डोक्यावर हेल्मेट! गावानं शिट्ट्या मारल्या. मी पट्टा तीनदा ओढून बघितला. नागोजीनं दोर धरला, आणि बघतो तर सोडायलाच तयार न्हाय. हजारो माणसं उतरवलेला गडी! सवयीनं त्याच्या तोंडातनं गेलं, "सकाळी काय खाल्लीस गं?"

"काय न्हाय."

"का?"

"तुम्ही कड्यावर आलासा की घरला येईस्तोवर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय. चार वर्षं झाली."

नागोजीला आपलं वाटायचं, बायको नवऱ्याचा मान म्हणून थांबते जेवायची. आता त्याच्या डोळ्यातनं पाणी गळायला लागलं. मला बी भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू दोर सोडायला लागला.

"बोलत ऱ्हा," तो म्हणाला. "उद्या जेवायला काय करणार हाईस?"

"हुलग्याचं माडगं! आणि काय करू, पंचपक्वान्न?" असं भांडत भांडतच ती खाली पोचली.

खाली त्यांची सून रूपाली डबा घिऊन थांबलेली. शालूबाईनं पट्टा सोडवून घेतला आणि वर बघून ओरडली, "अजून किती जण ऱ्हायलेत?"

"सात!"

"सावकाश सोडा. गडबड करू नका."

मग कड्याच्या बुडाला एका दगडावर बसली, डब्यातली भाकरी काढली, आणि नागोजी वर दोर धरून उभा असतानाच पोटभर जेवली.