बाओल्यानचं बसकर

बाओल्यान चर्चमध्ये पहिल्यांदा गेली ती काही देवासाठी नाही, जेवणासाठी. खोटं कशाला बोला! चीनमधल्या वेनचौ शहराजवळच्या एका डोंगरगावात ती बुटांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या बायका आल्यागेल्याच्या हातात तांदळाच्या शेवयांचा गरम वाडगा द्यायच्या. कोण, कुठली, काही विचारायच्या नाहीत. जन्मात कुणी तिला असं आयतं वाढलं नव्हतं. वाडग्यापायी गेलेली बाई तिथलीच झाली, आणि पन्नाशीत चर्चच्या बायकांच्या बँडमध्ये मोठा ढोल गळ्यात अडकवून उभी राहिली.

सासूबाईंना हे थेर मुळीच पसंत नव्हते. "एवढी हौस आहे ना, मग माझ्या मयताला बडव," असं त्या उठताबसता सुनवायच्या.

पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. नऊ वर्षं अंथरुणावर काढली बिचारीने. संध्याकाळी गरम पाण्यात पाय बुडवल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. पलंग बुटका, म्हणून बाओल्यान गवताच्या बसकरावर गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायची. पाणी कधी गार असायचं, कधी कढत. बरोबर असं कधीच नसायचं. एकदाच, शेवटच्या वर्षी, म्हातारीने सुनेच्या केसांवरून हात फिरवला होता.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या आणि पेच पडला. घराण्याची रीत अशी, की थोरल्या सुनेने शवपेटीपुढे उदबत्ती घेऊन गुडघे टेकायचे, तीनदा कपाळ जमिनीला लावायचं, मगच सुतकाचे पांढरे कपडे घालून पेटीमागे चालायचं. आणि चर्चची माणसं मेलेल्यापुढे डोकं टेकत नाहीत. सासूबाईंचे धाकटे दीर, तिसरे काका, घराण्यात त्यांचाच शब्द चालायचा. त्यांनी सांगून टाकलं, टेकणार नसेल तर तिने घरात बसावं. चर्चच्या बँडलाही त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच थांबवलं.

तिचा नवरा देशान गरीब स्वभावाचा, त्याने हळूच समजावून पाहिलं. "एकदा टेक ना गं. देव काय मोजत बसलाय?"

"देव नाही मोजायचा. पण मी खोटं टेकलं तर आईंना कळेल."

लोक नावं ठेवतील याचं तिला काही नव्हतं. पण सासूबाईंना शेवटचं पोहोचवायला आपण नसायचं, हे तिला सोसवेना. चुलीपाशी बसून ती रडली.

पेटी उचलण्याआधी मेलेल्या माणसाचं अंथरूण अंगणात जाळायचं असतं. काका स्वतः आत गेले, गादी ओढली, उशी काढली, आणि पलंगाखालून बसकर हाताला लागलं. मधोमध दोन खळगे, गवत झिजून आरपार गेलेलं. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. सगळी पाहुणेमंडळी ऐकत असताना देशानने जन्मात पहिल्यांदा काकांसमोर तोंड उघडलं आणि सांगितलं, की ते बाओल्यानचं, आईचे पाय धुताना ती त्यावर गुडघे टेकायची.

काकांनी एका खळग्यात बोट घालून पाहिलं. मग गादी आणि उशी आगीत टाकली, बसकर मात्र नाही टाकलं. सुनेने गुडघे टेकायचे त्या जागी, पेटीपुढे, त्यांनी ते स्वतःच्या हाताने अंथरलं.

"हिचं टेकून झालंय," ते म्हणाले. मग चुलीकडे वळून, "ऊठ सूनबाई, कपडे घाल. आणि त्या बायकांना आत बोलव. वहिनी म्हणायची ना, ढोल बडव म्हणून?"

बाओल्यानने पांढऱ्या कपड्यांवर ढोल अडकवला. पहिल्या वाडग्यापासून ती देवाचे आभार मानत आली होती. त्या सकाळी तिने काकांचे मानले, देशानचे मानले, आणि केसांवरून फिरलेल्या त्या हाताचेही मानले. पेटी उचलली, तशी ती मागे चालू लागली आणि सासूबाईंनी सांगितलं होतं तसा तिने ढोल बडवला.